राखायला माणूस

कारेगावला एसटीत चढलेले म्हातारे वॉचमन माझ्या शेजारी बसले. बूट काढून त्यांनी सुजलेले पाय मोकळे केले. शास्त्रज्ञांनी एका मेंढीपासून हुबेहूब तशीच दुसरी मेंढी तयार केल्याची बातमी मी वाचत होतो. फोटो दिसताच त्यांनी पेपर मागून घेतला आणि मेंढीच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

“आमची समदी इकली. रानं कंपन्यांत गेली, चारायची कुठं?”

मी त्यांना बातमी वाचून दाखवली.

“म्हंजी आता लई मेंढरं व्हतील. मंग राखाया मानूस लागंल न्हवं?” त्यांनी विचारलं.

“आबा, हे सगळं परदेशात चाललंय.”

“लांबच हाय मंग,” ते म्हणाले आणि पुढच्या सीटच्या दांडीवर डोकं टेकून शिरूरपर्यंत झोपले.