पहिलं बाळंतपण राजेंद्र नगरला

माझी मुलगी झाली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. दवाखान्यात पहिल्यांदा गेले तेव्हा बाकावरची एक पोरसवदा मुलगी सरकून जागा देत म्हणाली, "आंटीजी, बहू को लेकर आई हैं?" मी म्हटलं, "नहीं बेटा, खुद को." ती बिचारी ओशाळली आणि मग माझा नंबर येईपर्यंत मला सगळी माहिती देत बसली, कारण तिचं दुसरं होतं आणि माझं पहिलं. अनुभव तिच्याकडे होता, वय माझ्याकडे.

माझ्या वयाची काळजी डॉक्टरीणबाईंना होती. घरात भांडण वेगळ्याच गोष्टीचं होतं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझं माहेर म्हणजे इंदूरमध्येच, राजेंद्र नगरमधलं दोन खोल्यांचं घर आणि त्यात बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बहीण नाही, वहिनी नाही. बाबा रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून ते टीव्हीसमोर बसून बातम्यांना उत्तरं देत असत. मला सातवा लागल्यावर ते स्नेहलतागंजला आमच्या घरी आले आणि चहा हातात घेण्याआधीच सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, पहिलं माहेरीच होईल."

सासूबाई म्हणाल्या, "करणार कोण?"

"मी."

"तुम्ही? व्याहीबुवा, तुम्हाला बाळाचा लंगोट बांधता येतो?"

"शिकेन."

आणि ते खरंच शिकले. तासन्‌तास मोबाइलवर बघून त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळायची तालीम सुरू केली. बाळाच्या जागी दुधी भोपळा. मालिशवाली ठरवली, शेगडी आणली, बाळंतशेपा, खारीक, अळीव असं सगळं डब्यांत भरून ठेवलं. सकाळी सातला पिशवी घेऊन बाजारात जाणारे बाबा मी कित्येक वर्षांनी बघत होते. टीव्ही बंद होता. मला तो बंदच राहायला हवा होता, म्हणून मीही राजेंद्र नगरच्या बाजूनं होते.

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. दवाखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. "साधी सुटका झाली, तर खुशाल तुमच्याकडे. मालिशवालीवर भागेल. पण सिझर झालं तर टाके पडलेल्या बाईला उठवायला-बसवायला, आंघोळीला बाईमाणूस लागतं. मग आमच्याकडे. मंजूर?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मंजूर." मी एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगचा विभाग सांभाळते. ठरलेलं पाळायची मला सवय आहे.

नववा लागल्यावर मी राजेंद्र नगरला राहायला गेले. कळा सुरू झाल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी कोपऱ्यावरून कचोऱ्या आणल्या होत्या. मी दोन खाल्ल्या. सकाळी पोटात पीळ पडल्यासारखं झालं, तर पहिला संशय अर्थातच कचोरीवर. इंदूरच्या माणसाच्या पोटात काहीही झालं की आधी काल काय खाल्लं ते आठवतं आणि बहुतेक वेळा निदान बरोबर असतं. बाबांनी ओवा दिला. मग हिंगाचं पाणी. मग म्हणाले, "त्याचं तेल जुनं असणार. मी जाऊन बोलतो त्याला." ते खरंच चपला घालून निघाले. मी फोनवर सासूबाईंना सहज म्हटलं की कचोरीनं पोट दुखतंय, थांबतं, परत दुखतं.

"किती वेळानं परत दुखतं?"

"असेल दहा-बारा मिनिटांनी."

"आणि कचोरी घड्याळ बघून दुखते होय? निघा तिथून!"

बाबा कोपऱ्यावर कचोरीवाल्याशी हुज्जत घालत होते, तिथूनच त्यांना गाडीत घेतलं. गाडी नवरा चालवत होता; रात्री तो राजेंद्र नगरलाच मुक्कामाला होता. बाबांच्या मांडीवर माझी बॅग आणि दुधाचा थर्मास. कचोरीवाला मागून ओरडला, "क्या हुआ बाबूजी?" बाबा काच खाली करून म्हणाले, "कुछ नहीं भिया, तेल ठीक था!"

रस्त्यात मी कळांमधलं अंतर बघत होते. नवरा प्रत्येक खड्ड्याला "सॉरी" म्हणत होता. कृष्णपुऱ्याच्या पुलाशी सिग्नल लागला आणि नेमकी तिथंच मोठी कळ आली. मी त्याचा दंड धरला. तो म्हणाला, "यार, हात सोड, गिअर टाकायचाय." मी म्हटलं, "तू डाव्या हातानं टाक." तो म्हणाला, "डावाच धरलायस तू."

दवाखान्यात सासूबाई आमच्या आधी पोचल्या होत्या. आत एकाच बाईमाणसाला सोडत होते, त्यामुळे त्या आत आल्या आणि नवरा व बाबा बाहेर राहिले. कळांबद्दल लोक फार मोठं मोठं बोलतात. मला विचाराल तर दुखणं भयंकर असतं, पण त्यात मध्ये मध्ये सुट्टी असते, आणि त्या सुट्टीत माणूस अगदी ठणठणीत असतो. ही सोय मला कुणी सांगितली नव्हती. कळ आली की मला देव, दानव, नवरा सगळे सारखेच दिसत. कळ गेली की मी सासूबाईंना विचारत असे, "आई, गॅस बंद केला होता का हो कुणी?"

नर्स तिशीची, चटपटीत. ती म्हणे, "भाभीजी, चिल्लाओ मत, ताकत बचाओ." सासूबाई तिला म्हणाल्या, "चिल्लाने दो. घर में इसकी आवाज़ ही नहीं निकलती." हे धादांत खोटं होतं. त्याही कळेत मला हसू आलं आणि हसल्यावर आणखी दुखलं.

बाहेरून बाबांचे निरोप येत होते. नर्स दार उघडून सांगे, "आपके पापा पूछ रहे हैं, दूध पिएँगी क्या?" मग, "पापा पूछ रहे हैं, शीरा?" तिनं सांगितलं की काहीही खायचं नाही. मग निरोप आला, "पापा पूछ रहे हैं, कितना बाकी है?" जणू मी दोन स्टेशनांच्या मध्ये सिग्नलला थांबलेली गाडी होते.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग पिशवीचं तोंड उघडायचं थांबलं. सलाइनमधून कळांचं औषध वाढवलं. कळा वाढल्या, तोंड तिथंच. सासूबाई माझी पाठ चोळत होत्या आणि मी प्रत्येक तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला राजेंद्र नगरची शेगडी दिसत होती, डब्यांवर चिकटवलेल्या बाबांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या दिसत होत्या. चार वाजून गेल्यावर यंत्रावरचे बाळाचे ठोके खाली जायला लागले. डॉक्टरीणबाई सरळ म्हणाल्या, "आता वाट बघण्यात अर्थ नाही. सिझर करू या."

"करा," मी म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मूल आधी, माहेर नंतर. पण सासूबाईंकडे बघायचं मी टाळलं, आणि त्यांनीही करार जिंकल्यासारखा चेहरा केला नाही. त्या फक्त माझे मोकळे केस बांधत म्हणाल्या, "जा. मी सांगते बाहेर."

कमरेत भूल देताना पाठ मांजरीसारखी वाकवून बसायचं असतं. एवढं पोट घेऊन मांजर व्हायला जमत नाही, पण जमवलं. मग छातीखालचं सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी झालं. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई आणि भूल देणारे डॉक्टर गराडूवर, म्हणजे थंडीतल्या आमच्या तळलेल्या कंदावर बोलत होते, यंदा कुठला चांगला तळतात यावर. मी म्हटलं, "मसाला वरून टाकणाऱ्याकडे जाऊ नका." तेवढ्यात पोटात कुणी कपाट आवरतंय असं वाटलं, आणि एक रागावलेला आवाज आला.

मुलगी. हात-पाय नीट, आवाज खणखणीत, कपाळ माझ्या सासूबाईंचं. नर्सनं गालाला लावली तेव्हा मला भरून वगैरे आलं नाही. मी तिला म्हटलं, "झालं एकदाचं. आता निवांत झोप." ती झोपली नाही.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी बाबा रिक्षानं आले. शेगडी, डबे, दुपटी, झबली, टोपडी, सगळं सामान घेऊन. त्यांनी ते सासूबाईंच्या पायाशी ओळीनं मांडलं आणि म्हणाले, "करार म्हणजे करार. सिझर झालं. हे सगळं तुमच्याकडे." मग बाळाला उचलून त्यांनी दुपट्यात असं गुंडाळलं की नर्ससुद्धा बघत राहिली. दुधी भोपळ्याचं चीज झालं होतं.

सासूबाईंनी एक डबा उघडला. डिंकाचे लाडू. एक तोंडात टाकला. बराच वेळ त्या जिभेनं दाढ चाचपत राहिल्या. डिंक दाढेला चिकटला होता.

"कुणी केले?"

"मी."

"डिंक फुललाच नाहीये. तूप तापायच्या आधीच टाकलात ना? आणि ही शेगडी? हिला जाळी कुठाय? बंद खोलीत लावणार होतात?"

"चूक झाली," बाबा म्हणाले. "आता तुम्ही बघालच."

"बघेन म्हणजे? हे सगळं आमच्याकडे नेऊन मी काय काय निस्तरू? माझं स्वयंपाकघर एवढुसं." त्यांनी डबा खटकन बंद केला आणि माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "माझ्या चार साड्या भर आणि गोळ्यांचा डबा. राजेंद्र नगरला सोड आम्हाला."

बाबा म्हणाले, "पण करार..."

"करारात बाईमाणूस लागतं म्हटलं होतं. मी कोण आहे?"

गाडीत जागा कमी पडली म्हणून शेगडी नवऱ्याच्या शेजारी पुढे बसली आणि बाबा डब्यांसह मागून रिक्षानं. तरी ते आमच्या आधी पोचले, कारण नवरा खड्डे चुकवत बैलगाडीच्या वेगानं चालला होता. आम्ही उतरलो तर बाबा उंबऱ्यात उभे, हातात भाकरीचा तुकडा. बाळ-बाळंतीण घरात येताना ओवाळून टाकायचा असतो तो. मोबाइलवर हे त्यांना सापडलं नसावं. त्यांनी हात वर केला आणि तुकडा झेंडीसारखा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवायला लागले.

सासूबाई माझा दंड धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "व्याहीबुवा, गाडी सोडायची नाहीये. आत घ्यायचीय."

मग त्या पुढे झाल्या, बाबांचं मनगट धरून त्यांनी तुकडा गोल फिरवून दिला आणि आम्ही आत गेलो.