दोरानं मोजलेली बांधी

गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी घराला कुलूप लावलं नाही. "उघडं राहू दे. आपण काही लपवून राह्यलो, असं कोणाले वाटू नये," एवढंच म्हणाले. मध्य प्रदेशातल्या लालबर्र्याच्या बसमध्ये आई रडत होती आणि मला बाबांचा भयंकर राग आला होता.

तुम्ही गावातली माणसं मागे राहिलात, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. पण माझी मुलं हिंदीत विचारतात, "मम्मी, वहाँ सरकार किसकी थी?" काय सांगू? पेपरात ज्यांना नक्षलवादी म्हणत, ते आमचे दादा लोक. पटवारी जंगलात फिरकत नसे. तलावाचं पाणी आधी कोणाला, गुरुजी शाळेत आले की नाही, सगळं दादांची समिती बघायची. बाबा आणि काका धानाच्या बांधीवरून, शेताच्या एका तुकड्यावरून भांडले, तेव्हा समितीनंच गाठी मारलेल्या दोरानं बांधी मोजली, ती बाबांची ठरवली आणि तसा कागद दिला. धाक बंदुकीचाच होता, पण भांडण मिटलं, हेही खरं.

पुढे जमिनीच्या सरकारी पट्ट्याचं शिबिर लागलं. साहेबांनी ताब्याचा पुरावा मागितला आणि आमच्या भोळ्या बाबांनी तोच कागद मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवला! पोलिसांनी तीन दिवस ठाण्यात बसवलं. सुटून आले तर दादा लोक विचारू लागले, इतक्या लवकर कसा सुटला, पोलिसांचा खबऱ्या झाला का? मग आम्ही गावात राहणार कसे?

आता दादा लोक नाहीत, डांबरी रस्ता आहे. गेल्या महिन्यात पुन्हा मोजणी निघाली. बाबांचे गुडघे गेलेत, म्हणून मी एकटीच गावाला गेले. कागद चुलीत घाल, असं सगळ्यांनी बजावलं होतं. मी नाही घातला. पटवाऱ्यानं पुरावा विचारला तेव्हा तोच काढून पुढे ठेवला. इतकी वर्षं बांधी काकाच कसत होते. ते गप्प राहिले असते, तर बांधी गेलीच होती.

"हौ, बांधी भावाचीच आहे," काका म्हणाले. "दोराचं दुसरं टोक मीच धरलतं. लिहा माही साक्ष."

लालबर्रा मी सोडणार नाही. माझं शिवणकाम, मुलांची शाळा इथेच आहे. पण जिथं तो कागद न भिता काढता आला, ते माझं घर आहे.

बाबांना फोन केला. कागद दाखवला का, एवढंच त्यांनी विचारलं. हौ म्हटलं. काकांनी साक्ष दिल्याचंही सांगितलं.

"मंग काकाले सांग, औंदा धानाच्या रोवणीले मी येतो."