बाबांची एकच निगेटिव्ह

मंडळी, आत्ताच घडलंय, लगेच लिहितेय.

मी तान्ही असताना बाबा गेले. त्यांच्या एकुलत्या एका फोटोतला चेहरा मला कळायच्या आधीच ओलीने गेला. परवा कासार आंबोलीच्या घरी आईच्या ट्रंकेत त्याची निगेटिव्ह सापडली. फिल्म इतकी कडक झालेली की वाकवली तर तुटेल. म्हणून फिल्म आत ओढणारा स्कॅनर टाळला; सपाट काचेवर ठेवायचा घेतला.

आज सूसला माझ्या घरी आईला शेजारी बसवून स्कॅन केलं. स्क्रीनवर चेहरा उमटला.

आई बघतच राहिली. म्हणाली, "ह्ये त्ये न्हाईत."

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "आई, नीट बघ ना!"

"बगितलं की. ह्यांचा भांग डावीकडं असायचा. हा दुसराच कुनीतरी हाय."

तेव्हा लक्षात आलं, फिल्म उलट्या बाजूने ठेवली होती, म्हणून आरशातल्यासारखं डावं-उजवं पालटलं होतं. जीव मुठीत धरून ती उचलली, पालटली, पुन्हा स्कॅन केली.

आईने पदर सावरला. "व्हय. ह्येच."

आई नसती तर मी चुकीचाच चेहरा आयुष्यभर भिंतीवर लावला असता. तुमच्या घरातल्या निगेटिव्हमधली माणसं ओळखणारं कुणी अजून आहे ना?