तिसऱ्या सुवर्णकाळानंतरचा अर्ज

फुटबॉल या खेळाशी वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत माझा काहीही संबंध आला नव्हता. शाळेत मी खो-खो खेळलो आणि शाळाही नववीत सुटली. त्यानंतर तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या एका अर्जनवीसाच्या हाताखाली चार वर्षे काढून जी विद्या मिळवली, तिच्यावर माझे नाव आजवर टिकून आहे. सिंगापूरला मी आलो तो जहाजांना माल पुरवणाऱ्या एका दुकानाचा गोदाम कारकून म्हणून. त्या काळी पीआर, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, मिळणे आजच्याइतके अवघड नव्हते, ते मला मिळाले आणि मी इथलाच झालो. दिवसा हार्बरफ्रंटच्या कचेरीत कागद जुळवतो आणि संध्याकाळी सेंगकांगमध्ये, आमच्या ब्लॉकखालच्या, म्हणजे राहत्या इमारतीखालच्या, कॉफी शॉपमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलावर लोकांचे अर्ज लिहितो. कोणाच्या आईला मुक्काम वाढवून हवा असतो, कोणाला नाकारलेल्या पासचा, म्हणजे मुदतीपुरत्या राहण्याच्या परवान्याचा, फेरविचार हवा असतो. हे काम मी हौसेने करतो, परंतु हौशी माणसाप्रमाणे करत नाही.

आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर एक मराठी इंजिनियर राहत असे. मूळचा पिंपरीचा, बंदरावरच्या क्रेनना चालवणाऱ्या संगणकप्रणालीवर काम करणारा. त्याच्या आईचा पास एकदा नाकारला गेला तेव्हा तो प्रथम माझ्याकडे आला. मी तीन पानी अर्ज लिहिला आणि पास मंजूर झाला. तेव्हापासून माझ्या हाताला यश आहे असे तो चारचौघांत सांगू लागला, आणि ऐकून ऐकून ते मलाही खरे वाटू लागले. तो मला दादा म्हणे, मी त्याला इंजिनियर. शनिवारी युरोपातला दुपारचा सामना आमच्याकडे संध्याकाळी जेवणाच्या वेळी दिसतो. त्या वेळी तो, त्याची शाळकरी मुलगी आणि मी कॉफी शॉपच्या मोठ्या पडद्यासमोर बसू लागलो.

त्यांचा क्लब युरोपातला मोठा आणि जुना क्लब होता. होता असे मी विचारपूर्वक लिहितो. मी पाहू लागलो त्या वर्षांत तो बहुधा हरत असे, आणि जिंकला तर जिंकण्याचे कारण समोरच्याची चूक हे असे. खेळातले मला फार कळत नसे, पण इतिहास मला कळतो. गोल खाल्ला की इंजिनियर इतिहास सांगू लागे. त्यामुळे त्या क्लबचे तीन सुवर्णकाळ मला एखाद्या जमिनीच्या फेरफाराप्रमाणे क्रमवार ठाऊक झाले.

पहिला सुवर्णकाळ चिखलाच्या मैदानांचा. खेळाडू गिरणीकामगारांच्या वस्तीत राहत आणि सामन्याला पायी जात. हा काळ इंजिनियरनेही पाहिलेला नव्हता. त्याचा साक्षीदार म्हणजे कॉफी शॉपमध्ये पेयांचा गाळा चालवणारा वृद्ध चिनी अंकल. लहानपणी त्याने ब्रिटिश सैनिकांच्या छावणीबाहेर उभे राहून रेडिओवर त्या क्लबचे सामने ऐकले होते. त्याने एकही खेळाडू डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी कोण कोणत्या पायाने खेळे हे तो कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप पुसता पुसता सांगत असे. दुसरा सुवर्णकाळ इंजिनियरच्या कॉलेजचा. एक तापट प्रशिक्षक आला, त्याने गल्लीतली पोरे उचलून संघ बांधला, आणि होस्टेलच्या एकुलत्या टीव्हीवर, शेजारच्या खोलीतून ओरडा येत असताना, इंजिनियरने तो पाहिला. तिसरा सुवर्णकाळ या सेंगकांगातलाच. मुलगी तेव्हा दोन-तीन वर्षांची होती आणि गोल झाला की याच कॉफी शॉपमध्ये तो तिला खांद्यावर घेऊन टेबलांमधून फिरत असे. तिला त्यातले काही आठवत नाही. तिला क्लब आठवतो तो हरतानाच.

एकदा मी त्याला विचारले, की सुवर्णकाळ चालू असताना तो सुवर्णकाळ आहे हे कळत होते काय.

“नाही हो दादा,” तो म्हणाला. “तेव्हा आम्ही पंचाला शिव्या देत होतो.”

पुढच्या वर्षी त्याच्या कंपनीने क्रेनच्या प्रणालीचे काम दुसऱ्या देशात हलवण्याचे ठरवले. त्याला तसे कळवण्यात आले आणि पुढील नूतनीकरणास कंपनी त्याच्या पासची शिफारस करणार नाही हेही कळवण्यात आले. पीआरचा त्याचा अर्ज आधीच एकदा फेटाळला गेला होता. आता फेरविचाराचा अर्ज हाच एक मार्ग उरला, आणि तोही नोकरी हातात असेपर्यंतच. मुलगी सेकंडरीच्या तिसऱ्या वर्षाला होती. शालान्त परीक्षेला अवघे एक वर्ष राहिले होते. तिला एकटीला इथे ठेवण्याचा विषय एकदा निघाला आणि तिनेच तो मोडून काढला. म्हणजे पीआर मिळाला तर सगळे राहणार, नाही तर सगळे जाणार, असा सरळ हिशेब होता. इंजिनियर माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला की हा अर्ज तुमच्याशिवाय कोणी लिहायचा नाही.

माझ्या गुरूंनी मला जी रीत शिकवली ती अशी: अर्जदाराचे पूर्ववैभव आधी मांडावे, संकट मध्ये सांगावे, मागणी शेवटी आणि हळू आवाजात करावी. साहेबाने पूर्ववैभव वाचले की त्याच्या मनात अर्जदाराला खुर्ची मिळते. मग उभ्याने बोलणाऱ्या माणसाची फरफट होत नाही. ही रीत मी इंग्रजीतही मोडलेली नाही. ‘मोस्ट रिस्पेक्टफुली’ने आरंभ करून मी अर्जदाराचे आयुष्य पर्वांमध्ये विभागतो. या वेळी पर्वे आयती समोर होती. शनिवारी संध्याकाळी ज्या थाटात तो क्लबचा इतिहास सांगे, त्याच थाटात त्याचा इतिहास लिहावा असे माझ्या मनाने घेतले, आणि त्यालाही ते एकदम पसंत पडले. त्याचे तीन सुवर्णकाळ करायचे ठरले.

पहिल्या पर्वात मी लिहिले की त्याच्या घराण्यात आणि वस्तीत शाळेच्या पुढे गेलेला हा पहिला, आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत त्या घरातून आलेला. ते वाक्य मला फार सुरेख उतरले होते. त्याने ते वाचले आणि पेनाने खोडले.

“हे नको, दादा.”

मी म्हटले की अर्जाचा सारा पाया त्यावर उभा आहे.

“असेल. पण इथे ते कोणाला कळणार नाही. आणि ज्यांना कळतं, त्यांच्यापासून तर एवढ्या लांब आलो.”

मी आग्रह सोडला. त्या जागी शिष्यवृत्ती, कॉलेजातील पदक आणि पहिल्या नोकरीतील प्रशस्तिपत्रक आले. दुसऱ्या पर्वात सिंगापूरच्या बंदरावरची त्याची पहिली वर्षे, त्याने बसवलेल्या प्रणाली, वरिष्ठांची पत्रे. हे पर्व दोन पाने चालले आणि आजही मी ते माझ्या उत्तम लिखाणात धरतो. तिसऱ्या पर्वाशी आल्यावर मात्र लेखणी अडू लागली. गेल्या काही वर्षांत तो तीच प्रणाली दुरुस्त करीत होता, नवी माणसे येत होती, बढती थांबली होती. मी तिथे एक परिच्छेद लिहिला आणि भाषेने तो भरून काढला.

मसुदा वाचायला एका रविवारी त्यांच्या घरी बसलो होतो. वहिनी म्हणजे त्याची पत्नी गणिताची पदवीधर, घरी मुलांच्या शिकवण्या घेणारी. तिने पाने शांतपणे वाचली. मुलीने फोनवरचा मसुदा बोटाने सरकवत शेवटपर्यंत नेला.

“काका, थर्ड पार्ट सो शॉर्ट,” मुलगी इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. “दे विल नोटीस, लाह.”

“लांबीवरून अर्ज जोखत नाहीत, बेटा,” मी म्हणालो.

“देन व्हाय द फर्स्ट टू सो लाँग?”

इंजिनियर हसला. आमच्या क्लबचंही असंच आहे, शेवटचं पान लहानच असतं, असे तो तिला म्हणाला. वहिनी हसली नाही. तिने पाने टेबलावर सरळ करून ठेवली.

“भाऊजी, यात आजचं काय आहे?”

मी समजावले की आजचे चौथ्या पानावर आहे. मुलगी इथल्याच शाळेत पहिलीपासून शिकते हे त्या पानावर एका ओळीत होते. शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघात ती गोलरक्षक आहे आणि वहिनी रविवारी ब्लॉकमधल्या वृद्धांना फोन वापरायला शिकवते, या दोन गोष्टी मी फुटकळ म्हणून गाळल्या होत्या. वहिनीला त्या हव्या होत्या आणि त्या अगदी सुरुवातीला हव्या होत्या. मी सांगितले की अशा गोष्टींनी अर्जाचा तोल जातो. सरकारदरबारी माणसाचे वजन त्याच्या कर्तबगारीवरून होते, त्याच्या रविवारांवरून होत नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला की आईच्या वेळी दादांनी लिहिलं तसंच लिहू या. अर्ज मी लिहिला तसाच गेला.

त्यानंतरचे महिने आम्ही शनिवारी नेमाने बसलो. क्लबची अवस्था इतकी उतरली होती की खालच्या विभागात जाण्याची भाषा होऊ लागली. अंकल पडद्याकडे पाठ करून उभा राहू लागला. “बिफोर, व्हेरी पॉवर,” एवढेच तो म्हणे आणि कप पुसत राही. सुवर्णकाळ का संपला यावर इंजिनियर आणि अंकल यांचे एकमत कधी झाले नाही. एकाच्या मते मालक बदलला, दुसऱ्याच्या मते चिखल गेला आणि गालिच्यासारखी मैदाने आली. मी ऐकत असे. माझ्या मनात त्या वेळी एक विचार येऊ लागला होता आणि मी तो दाबत होतो. मी या देशात आलो ते पीआर मिळण्याच्या सुवर्णकाळात आलो. तीन पानांनी इंजिनियरच्या आईचा पास झाला तो माझ्या पानांनी झाला की त्या वर्षी ते पास होतच होते, हे मी कधी तपासले नव्हते. तपासण्याची इच्छाही नव्हती.

उत्तर आले ते एका कामाच्या दिवशी सकाळी, त्याच्या फोनवर. त्याने ते मला कचेरीत पाठवले. मी ते जिन्यात उभे राहून वाचले, कारण टेबलाशी वाचवेना. तीन ओळी होत्या. आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला, तो मान्य करता येत नाही याचा खेद आहे, इतकेच. कारण दिलेले नव्हते. माझ्या सात पानांतील कोणत्या पर्वावर विचार झाला, की वरचे पान पाहून खाली ठेवले, हे त्यात नव्हते. मी ज्या कचेरीसमोर शिकलो तिथे निदान समासात शेरा मारत. कोणी वाचले हे शाईच्या रंगावरून कळे. इथे माझ्या चुकीनेच घर मोडले असे म्हणायलाही मला पुरावा नाही, आणि मोडले नाही असे म्हणायलाही नाही.

मी दुसरा अर्ज लिहिण्याची तयारी दाखवली. इंजिनियर म्हणाला की आता लिहायला काही उरलं नाही, कंपनीने तारीख दिली आहे. त्याने मला दोष दिला नाही. तो दिला असता तर मला उत्तर देता आले असते.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी मदतीला वर गेलो. तो शेवटचे कागद करायला कंपनीत गेला होता. मुलगी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला पुण्यात कोणत्या वर्गात घेतील, मराठीचा पेपर द्यावा लागेल काय, हे अजून कोणालाच माहीत नव्हते. वहिनी खोक्यांना टेप लावत होती. मी तिला विचारले, की तुम्ही लिहिला असता तर अर्ज कसा लिहिला असता.

तिने टेप थांबवली नाही. “आता काय करायचंय त्याचं, भाऊजी.”

मी पुन्हा विचारले.

“आम्ही इथे राहतो. मुलगी इथेच मोठी झाली. आणखी एक वर्ष राहू द्या.” तिने टेप दातांनी तोडली. “एवढंच.”

मी म्हटले, ‘राहू द्या’ असे अर्जात लिहीत नसतात. माझ्या तोंडून ते गेले. तीस वर्षांची सवय होती, मला थांबवता आले नाही.

“नसतील लिहीत,” ती म्हणाली, आणि पुढचे खोके ओढले. त्याची झाकणे वर उघडत होती. मी वाकून ती दोन्ही हातांनी दाबून धरली, तिने त्यांवर टेप ओढली, आणि आम्ही तसेच एकामागून एक सगळी खोकी बंद केली.