नावेतून उतरलेले दोघं
गोदावरीच्या ओल्या गाळाचा वास आला की शहागडचा घाट आठवतो. निजामाचं राज्य होतं. तापानं फणफणलेल्या लेकाला पल्याडच्या दवाखान्यात न्यायला मी धावत आले, तर नाव गच्च भरलेली. "पाणी चढून राह्यलंय, ही शेवटची खेप. जागा न्हाई," नावाडी म्हणाला. तेवढ्यात आपसांत वाद घालणारे दोन परदेशी भिक्खू एकदमच उठले, खाली उतरले आणि मला बसवलं. वाद कशाचा, ते त्यांच्यासोबतच्या जालन्याच्या मास्तरांनी नावेत सांगितलं, "सिंहली भिक्खू म्हणतात, बोधिसत्त्व म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा एखादाच. जपानी म्हणतात, सगळ्यांना तारायचं व्रत कुणीही घ्यावं." मी मागं वळून पाहिलं, तर दोघं काठावर चिखलातच बसून पुन्हा हातवारे करत होते. लेक वाचला, आज नातवंडं खेळवतो. त्या दोघांपैकी कोण बरोबर, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.