थोडीफार वीज धरणारे सर

शर्टाच्या खिशातून पेनासारखं लेझर काढायचं, समोरच्या भिंतीवर हिरवा ठिपका नाचवायचा आणि म्हणायचं, "हा तं लहाना हाय. याचा मोठा भाऊ तुमी पायलाच नाई." शाळा तपासायला आलेले साहेब असोत, पोषण आहाराची पोती उतरवणारा हमाल असो की सहावीतली पोरं, आमच्या विज्ञानाच्या सरांचा नमस्कार हाच.

मोठा भाऊ त्यांनी स्वतः तरी कुठे पाहिला होता? मोबाइलवर पाहिला होता. पण बोलण्याचा थाट असा की यंत्राची पूजा यांच्याच हातून झाली असावी. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. चहा आपण पाजायचा आणि व्याख्यान त्यानं द्यायचं.

आमची शाळा करडी गावाच्या बाजूला, चारही अंगांनी धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. सर आंधळगावहून मोटारसायकलनं यायचे, तेही पांढरी इस्त्रीची पँट घालून. पावसाळ्यात धानाच्या मुलखात पांढरी पँट घालणाऱ्या माणसाबद्दल मी आणखी काय सांगावं? वरांड्यावर पोहोचले की आधी रुमालानं पायाचा चिखल टिपायचे, मग भिंतीवर ठिपका नाचवायचे.

वैताग याचा की ते सांगत त्यातलं बरंचसं खरं होतं. मी इतिहासाचा माणूस, तरी घरी जाऊन शोधून पाहिलं. मिऱ्याच्या दाण्याएवढ्या गोळीवर चहूबाजूंनी लेझरचे झोत मारून सूर्याच्या पोटात चालतं ते काम जमिनीवर घडवतात, हे खरं निघालं. जाड पोलाद लोण्यासारखं कापतात, हेही खरं. खोटा होता तो फक्त सरांचा चेहरा, जणू हे सगळं त्यांना विचारून चाललं होतं.

एकदा मीच त्यांना चिडवायला विचारलं, "सर, एवढी वीज आणता कुठून? आपल्याकडं तं पंखा चालत नाई."

"तिथंच तं तुमी लोकं चुकता," ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले. "एका झोतातल्या ऊर्जेनं तुमच्या कपातला घोटभर चहा गरम होनार नाई. पन सेकंदाचे लाख कोटी तुकडे करा आन त्यातल्या एका तुकड्यात ती ऊर्जा सोडा. आता असं पाहा, साऱ्या गावाची रोवणी एका चुटकीत झाली. काम तेवढंच, पन चुटकीत झालं. त्याले पावर म्हनते."

उपमा बरी होती. मी ती वर्गात माझी म्हणून वापरलीसुद्धा, त्यांना मात्र सांगितलं नाही. नाहीतर आणखी तासभर ऐकावं लागलं असतं.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट विजेची. परदेशात कुठल्याशा डोंगरावर उंच मनोरा आहे, त्याच्या शेजारून ढगात लेझर सोडतात, सेकंदाला हजारेक झोत. त्या झोतांनी हवेत तापलेली, विरळ अशी वाट तयार होते आणि पडणारी वीज थोडं अंतर त्या वाटेनं येऊन मनोऱ्यावर उतरते. "थोडं अंतर" हे शब्द मी वाचले होते. सरांच्या गोष्टीत ते कधी आले नाहीत.

ही गोष्ट आमच्याकडे का चालावी, हे बाहेरच्याला सांगावं लागेल. रोवणीच्या, भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे वीज पडून माणसं जातात. बाया रांगेनं पोटरीभर पाण्यात वाकलेल्या, अंगावर मेनकापड, आणि आजूबाजूला त्यांच्याहून उंच काही नाही. काम गुत्त्यानं घेतलेलं असतं, म्हणजे बांधी संपली की मजुरी. उपटून आणलेले परे, म्हणजे धानाची रोपं, पडून राहिले तर सुकतात. म्हणून ढग गरजले तरी बाया निघत नाहीत. कोणी निघाली तर ती मोहाच्या झाडाखाली जाऊन उभी राहते, जे त्याहून वाईट.

शाळेला लागून असलेल्या बांधीत दरवर्षी पारबताबाईची टोळी यायची. दुपारी बाया आमच्या वरांड्यावर भाकरी सोडायच्या. त्या वर्षी सरांना आयताच श्रोतृवर्ग मिळाला. डोंगर झाला, मनोरा झाला, ठिपका छतावर फिरला. पारबताबाई भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. तिची जाऊ अशाच रोवणीत गेली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"सर, हे बी इजेले धरते काय जी?" तिनं खिशाकडे बोट दाखवलं.

इथे शहाणा माणूस "नाही" म्हणतो. पण नऊ-दहा बाया टक लावून पाहत होत्या, आणि सरांना तोंडावर "नाही" म्हणायची सवयच नव्हती.

"धरते," ते म्हणाले. "थोडीफार."

मला हसू आलं. त्याच संध्याकाळी ढग गरजले, सरांनी वरांड्यातून आभाळाकडे हिरवी रेघ सोडली आणि ढग निघून गेले. ढग जातातच, पण श्रेय सरांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर पानात बांधलेली काकडी आली. काकडी खाताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सर तेवढं ओळखू शकले नाहीत.

चारेक दिवसांनी दुपारी नदीच्या बाजूनं आभाळ काळंकुट्ट होऊन आलं. गडगडाट असा की वर्गातल्या खिडक्या थरथरल्या. आम्ही पोरांना आत घेतलं. बांधीत मात्र एकही बाई ताठ झाली नाही. रांग तशीच वाकलेली, हात तसेच चाललेले. इतर वर्षी असं आभाळ आलं की दोघीतिघी तरी धुऱ्याकडे, बांधाच्या कडेला सरकायच्या.

"बाहेर निंगा!" सर वरांड्यातून ओरडले.

पारबताबाईनं मान वर न करता हात हलवला. "तुमी हाय न जी तिथं! लावा तुमचं मशीन!" आणि सगळी रांग हसली.

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होतो? पुन्हा गडगडलं, आणि या खेपेला उजेड आणि आवाज जवळजवळ बरोबरच आले. सर पायऱ्या उतरले, पांढऱ्या पँटीसकट चिखलात शिरले आणि धुऱ्यावर न थांबता थेट रांगेपुढे जाऊन उभे राहिले.

"मी खोटं बोललो," ते ओरडले. "हे खेळनं हाय! तुमसरच्या बजारात भेटते. इज तं सोडा, याच्यानं मच्छर बी मरत नाई! निंगा बाहेर!"

आणि ते लेझर त्यांनी पाण्यात फेकलं.

पारबताबाई हळूहळू सरळ झाली. "मंग इतके दिवस आमाले येड्यात काढून रायले होते काय?"

"हाव," सर म्हणाले.

एवढं साधं, एका शब्दाचं उत्तर मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

तिनं त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही. पण शिव्या देत देत ती निघाली, आणि तिच्यामागे सगळी रांग निघाली. बाया वरांड्यात येऊन बसल्या, सरांकडे पाठ करून. सर खांबाशी उभे होते, कमरेपर्यंत चिखल उडालेला, रुमाल काढायचीही आठवण नव्हती. मी आयुष्यभर त्या माणसाची टर उडवली. त्या घटकेला मात्र मला त्यांच्याबद्दल माया वाटली, आणि ती लपवायला मी आत जाऊन हजेरीपट उघडून बसलो.

आता तुम्हाला वाटेल, वीज त्या बांधीत पडली असेल. नाही पडली. मोहावर नाही, बांधीत नाही, कुठेच नाही. ढग तासभर गुरगुरले, बरसले आणि पुढे गेले. बाया त्या दिवशी पुन्हा उतरल्या नाहीत; परे वाया गेले, बांधी अर्धी राहिली, मालकानं शाळेत येऊन तमाशा केला. गावाला दोन वर्षं पुरेल एवढं हसू मिळालं. पोरं त्यांना 'थोडीफार सर' म्हणू लागली, आधी पाठीमागे, मग तोंडावर. सर वर्गात पुस्तकातलं तेवढंच शिकवू लागले. उन्हाळ्यात संस्थेनं त्यांना साकोलीकडच्या शाळेत पाठवलं. निरोपाला आम्ही चौघंजण होतो, आणि ते चहा पिऊन निघाले. फुकटचं व्याख्यान चुकलं म्हणून मला वाईट वाटावं, हे माझंच नशीब.

पुढच्या रोवणीला त्याच बांधीत तीच टोळी होती. नदीच्या बाजूनं ढग गरजले. पहिल्याच गडगडाटाला पारबताबाईनं हातातली पऱ्यांची पेंडी पाण्यात टाकली आणि सगळ्यांना हाक दिली. मालक धुऱ्यावरून ओरडला, "काहून निंगता? अजून दूर हाय!"

"त्या लबाड मास्तराचं मशीन बी खोटं निंगालं," ती चालता चालता म्हणाली, "आता कोनाच्या भरोशावर उभं राहाचं?"

बाया सरांच्या नावानं बोटं मोडत वरांड्याकडे येत होत्या. मोहाखाली कोणी थांबलं नाही.