तांदळाची फेरी

मावशी बाळाच्या आधी तांदळाला फिरवून आणायची. बाबागाडी धुऊन, वाळवून, पुन्हा जोडून झाली की डब्यातला तांदूळ एका कापडी पिशवीत भरायची, ती पिशवी गाडीत बसवून पट्टे आवळायची आणि पॅसेजमधून लिफ्टपर्यंत चक्कर मारायची. मग खाली पार्किंगच्या उतारावर ब्रेक लावून हात सोडायची आणि श्वास रोखून उभी राहायची. गाडी हलली नाही की म्हणायची, "चला, आता आमच्या साहेबांना बसवा." कोपरच्या आमच्या सोसायटीत तिचं नावच गाडीमावशी पडलं होतं. शेजारचे फर्नांडिस काका मुद्दाम विचारायचे, काय मावशी, तांदूळ झोपला का? "झोपलाय. तुमच्यासारखा घोरत नाही," ती म्हणायची.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. चिनू मला चाळिशी उलटल्यावर झाला. आई तोवर गेलेली, नवरा फिरतीवर, माझं ऑफिस ठाण्याला नौपाड्यात. मोहने गावात मुलाकडे राहणारी मावशी पिशवी घेऊन आली आणि राहिली. ती नसती तर मला नोकरी सोडावी लागली असती. हे आधीच सांगते, कारण पुढचं इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही ते यामुळेच.

गाडी धुणं हा तिचा सोहळा असायचा. सीटचं कापड काढून रिठ्याच्या पाण्यात, मोठ्या टबात भिजत घालायचं. साबण तिला चालायचा नाही. पोर पट्टा चघळतं, म्हणायची. मग पाय पसरून बसायची आणि क्रोशाच्या सुईने चाकांत गुंतलेले केस, दोरे ओढून काढायची. सांध्यांतला बिस्किटांचा चुरा जुन्या टूथब्रशने. आसाला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब, पण ब्रेकच्या आसपास तेलाचं बोटसुद्धा नाही. "चाकाने पळावं आणि ब्रेकने अडवावं. घरात दोन्ही माणसं लागतात," असं तिचं म्हणणं. मोहन्याला तुझ्या काकांच्या सायकलीवर हे सगळं शिकले, असंही सांगायची.

एका संध्याकाळी ती दोघं खालून फिरून आली आणि मी चिनूला उचलायला वाकले. पट्ट्याचं बकल उघडं होतं. चिनू घसरत घसरत पार पुढच्या काठाशी आलेला. मी काही बोलले नाही. होतं असं कधी, म्हटलं. मग एकदा गॅस नुसताच सुरू राहिला. एकदा तिने मला आईच्या नावाने हाक मारली आणि तिच्या लक्षातही आलं नाही. मी घरी आल्यावर चपला काढायच्या आधी बकल, ब्रेक, गॅस बघायला लागले, तिची पाठ असताना, चोरासारखी. ऑफिसात फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघायचे. तरी सकाळी चिनूला तिच्याच हातात देऊन निघायचे. बोलले तर ती मोहन्याला निघून जाईल, ही भीती. नाही बोलले तर काय होईल, ही दुसरी. पहिलीला मी जास्त घाबरले, हे खरं आहे.

त्या दिवशी मी दुपारीच सुटले. सोसायटीच्या गल्लीत वळले तर समोर मावशी, गाडी ढकलत, तिच्याशी बोलत येत होती. ऊन होतं म्हणून गाडीचं छत्र पुढे ओढलेलं. मी ते वर केलं. आत तांदळाची पिशवी होती, पट्ट्यांत नीट बांधलेली, आणि पिशवीवर चिनूची टोपी.

"चिनू कुठाय?"

"हा काय," ती म्हणाली आणि वाकली. तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही.

किल्ली मी तिच्या हातातून ओढूनच घेतली. जिने कसे चढले आठवत नाही. पलंगावर उशांचं कुंपण होतं, आत कुणी नव्हतं. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. रिठ्याच्या पाण्याचा टब भरलेला, त्यात गाडीचं जादा कापड भिजत पडलेलं, आणि टबाचा काठ धरून चिनू उभा. वाकून पाण्यावर थापट्या मारत हसत होता. मला त्याला हाक मारायची हिंमत होईना, दचकला असता. मागून जाऊन उचलला आणि तिथेच ओल्या फरशीवर बसले.

मावशी बऱ्याच वेळाने वर आली. आत आली नाही, उंबऱ्याशी बसली. मी तिला पट्ट्याचं सांगितलं, गॅसचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुला माहीत होतं, मग बोलली का नाहीस?"

"घाबरले गं. तू गेलीस तर काय करू, म्हणून."

तिने गाडीतल्या पिशवीचे पट्टे सोडवले. मग म्हणाली, "मलाही माहीत होतं. तांदूळ कशाला फिरवत होते मी? गाडीला काही झालं नव्हतं. माझ्या हातून काय सुटतंय ते बघत होते."

रविवारी तिचा मुलगा तिला न्यायला आला. त्याचा चहा होईपर्यंत तिने मला गाडी सुटी करून पुन्हा जोडायला बसवलं. स्वतः पाटावर बसून नुसतं तोंडाने सांगत होती: आधी हे काढ, आता ते बकल, जोर नको लावू. कापडाचं इलॅस्टिक मला काही केल्या बसेना. एरवी तिने माझ्या हातातून हिसकावून घेतलं असतं. ती हलली नाही.

चिनू रांगत तिच्याजवळ गेला. पातळ धरून उभा राहिला आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले. मावशीने आपले हात पदराखाली घेतले.

"आईकडे जा, राजा," ती म्हणाली.

तो गेला नाही. हात तसेच वर धरून थोडा वेळ थांबला, मग ओठ काढून रडायला लागला. मी कापड धरून बघत बसले होते.

"बघतेस काय अशी," मावशी म्हणाली. "उचल ना त्याला, लवकर."